जोधपूरची गाडी बोरिवलीत आणताना

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. ओवाळून झालं आणि मावसभाऊ म्हणाला, "अगं, माझी गाडी तू का घेत नाहीस? मार्चपासून माझी बदली बंगळूरला आहे, तिकडे ऑफिसची गाडी मिळणारे." आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फिजिओथेरपीला जायचं म्हणजे रिक्षा मिळवणं आणि त्यात तिला नीट बसवणं हे रोजचं कष्टाचं काम झालं होतं. नवी गाडी परवडणार नव्हती. दादाची गाडी घरातली, एका हाताची, ५८ हजार किलोमीटर झालेली. सप्टेंबर २०१८ची पांढरी पेट्रोल सेडान. मी लगेच हो म्हणून टाकलं.

नंतर रात्री विचार करत बसले. दादा फलोदीजवळ भडल्याच्या सोलर पार्कमध्ये कामाला. राहायला जोधपूर, पण आठवड्याचे बरेच दिवस साइटवर. याच फलोदीत १९ मे २०१६ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. सोलर पार्क तिथे उभं राहिलं तेच मुळी तिथल्या उन्हासाठी. आणि त्याच उन्हात ही गाडी सहा वर्षं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शेडशिवाय उभी होती. त्याचं काय?

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना विचारलं. ते तीस वर्षं याच धंद्यात आहेत. २००५च्या २६ जुलैनंतर महिनोन् महिने त्यांनी पाण्यात बुडालेल्या गाड्याच खोलल्या. मुंबईची जुनी गाडी दाखवली की ते बॉनेटकडे जात नाहीत. आधी पायाखालचं मॅट उचलतात आणि वास घेतात. मला म्हणाले, "ताई, वाळवंटातल्या गाडीचं उलटं असतं. तिथं लोखंड मरत नाही, रबर मरतं. लोखंड बघून खूश होऊन परत येऊ नका. जिथं जिथं रबर आणि प्लास्टिक आहे, तिथं बोट लावून बघा." त्यांनी एका वहीच्या पानावर काय काय पाहायचं ते लिहून दिलं. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

२२ नोव्हेंबरला बोरिवलीहून सूर्यनगरी एक्सप्रेस पकडली, दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूर. हवा छान गार होती, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. गार हवेत एसी तीन मिनिटांत गारेगार लागतो, त्यावरून काहीच कळत नाही. जमत असेल तर अशी गाडी उन्हाळ्यात बघा. नाहीतर निदान भर दुपारी तासभर उन्हात उभी करून मग एसी लावून बघा.

लांबून गाडी सुरेख दिसली. पांढऱ्या रंगाचा फायदा झाला होता. गडद रंगापेक्षा तो कमी तापतो आणि फिकटलेला लवकर कळतही नाही. पण टपावर तळहात फिरवला तर हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागली. रंगावर जो पारदर्शक लॅकरचा थर असतो, तो उन्हातल्या अतिनील किरणांनी सुटत आला होता. बॉनेटवर तेच, दारांवर मात्र काही नाही. ऊन वरून पडतं, त्यामुळे आडव्या पत्र्याचं नुकसान जास्त. हेडलाइटच्या काचा पिवळट धुरकट. डॅशबोर्डला काचेलगत एक वीतभर चीर. बंद गाडीत डॅशबोर्ड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. प्लास्टिकला मऊ ठेवणारी द्रव्यं त्या तापाने हळूहळू उडून जातात आणि ते ठिसूळ होऊन तडकतं. दादा म्हणाला, तिकडच्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर तुला चादर नाहीतर टॉवेल दिसेल, त्याचं कारण हेच.

टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, कोणीही चांगले म्हणाले असते. पण टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, ते वाचायला मिस्त्रींनी शिकवलं होतं. इथे होते ३४१८, म्हणजे २०१८च्या ३४व्या आठवड्यातले. गाडीबरोबर आलेलेच टायर. खाली वाकून टॉर्च मारला तर कडेच्या रबरावर केसासारख्या बारीक चिरा. असे टायर गावात चालतात, पण हायवेवर तासाला शंभरच्या वेगाने तापले की फुटू शकतात. चारही टायर जोधपुरातच बदलून घेतले, १८,४०० रुपये. या खर्चात घासाघीस करावीशी मला क्षणभरही वाटली नाही.

वहीतलं पुढचं कलम एअर फिल्टरचं. फिल्टर मातीने भरलेला असणार हे गृहीत होतं. मिस्त्रींनी सांगितलं होतं की फिल्टर बघू नका, फिल्टरच्या पलीकडची नळी बघा. नळी सोडवून आत पांढरा रुमाल फिरवला. रुमाल स्वच्छ निघाला असता तर वाळू इंजिनात गेलेली नाही असं समजायचं. स्वच्छच निघाला. दादा दर पाच हजार किलोमीटरला फिल्टर बदलायचा. सोलर पॅनेलवर धुळीचा थर बसला की वीज किती घटते हे रोज पाहणारा माणूस, त्यामुळे धुळीच्या बाबतीत तो काटेकोर. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर मात्र कडेला पांढरा क्षार दिसला. कधीतरी साइटवर कूलंट कमी झालं आणि बोअरचं पाणी घातलं गेलं, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

मग शेजारच्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली. खालून पाहिलं आणि मी बघतच राहिले. सायलेन्सर, सस्पेन्शनचे आर्म, बोल्टची डोकी, सगळं मातकट पण पुसलं की आत चकचकीत. सहा वर्षांच्या मुंबईच्या गाडीचं बूड असं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने, बारा महिने दमट खारी हवा, आणि तुंबलेल्या रस्त्यांचं पाणी. इथे यातलं काहीच नाही.

किमतीची गोष्ट आम्ही जेवताना काढली. दादा म्हणत होता, तीन लाख दे, भाऊबीज समज. मला ते नको होतं. घरातल्या व्यवहारात आज संकोचाने कमी दिलेले पैसे पुढे दहा वर्षं मनात राहतात. आम्ही आकडे कागदावर मांडले. जोधपूरच्या डीलरने त्याला ३ लाख ६० हजार सांगितले होते, आणि कापलेला प्रत्येक हजार त्याने बोट ठेवून दाखवला होता: टप, डॅशबोर्ड, हेडलाइट, टायर. बुडाकडे तो वाकलाही नव्हता. मुंबईत त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, एमएच पाटीची गाडी ४ लाख ६०च्या आसपास मिळत होती. आम्ही ३ लाख ६५ हजार ठरवले, टायर माझ्याकडे.

आता कागदपत्रं. ज्यांना फक्त हाच भाग हवा असेल त्यांनी इथून वाचावं.

दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर आधी मूळ आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. ती मिळायला गाडीवर कर्ज, थकलेला कर किंवा चलान असं काही नको. दादाचं कर्ज मार्च २०२३मध्येच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं. बँकेने तेव्हा दिलेल्या पत्राची मुदत संपलेली, ते नव्याने मागवायला १७ दिवस. मग फॉर्म ३५ भरून बँकेचं नाव काढणं, २० डिसेंबरला ते झालं. वाटेत २०२२चं अहमदाबादचं एक ई-चलान निघालं, वेग जास्त असल्याचं. ते भरलं. २६ डिसेंबरला ना-हरकतीचा ऑनलाइन अर्ज. सोबत आरसी, विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला छाप. गाडी चोरीची नाही हे पोलिसांच्या नोंदीतून तपासलं जातं. १६ जानेवारी २०२५ला ना-हरकत हातात आली. एकूण अडीच महिने गेले, त्यातला निम्मा वेळ फक्त त्या जुन्या कर्जाच्या नोंदीपायी. गाडी कधीच विकायची नसली तरी कर्ज फिटल्याच्या आठवड्यातच आरसीवरून बँकेचं नाव काढून घ्या.

दादा स्वतः गाडी घेऊन आला. पाली, सिरोही, पालनपूर, अहमदाबाद, तिथे मुक्काम, मग वडोदरा, सुरत. साधारण साडेनऊशे किलोमीटर. २७ जानेवारीला संध्याकाळी गाडी आमच्या इमारतीखाली उभी राहिली. आईने नारळ फोडला. पेट्रोलचे आणि टोलचे पैसे काही केल्या त्याने घेतले नाहीत, ती त्याची भाऊबीज. त्याच रात्री फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. विकणारा परत जायच्या आधी सह्या करून घ्या, आणि प्रत्येक फॉर्मच्या एक-दोन प्रती जास्तीच्या करा. पुढे एक प्रत खराब झाली तेव्हा ती जास्तीची कामी आली.

विमा हा सर्वात घाईचा भाग. विक्रीनंतर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज करावा लागतो. आणि क्लेम न केल्याची सवलत गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाकडेच राहते. दादाची ५० टक्क्यांची सवलत होती, तिचा उरलेल्या महिन्यांचा फरक मला ३,९०० रुपये भरावा लागला.

विम्याच्या पाहणीला आलेल्या माणसाने मॅट उचललं, सीटच्या रुळावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे गंभीरपणे बघत विचारलं, "ही पाण्यात गेलेली आहे का?" बोटावर बारीक पिवळसर माती होती. मुंबईत सीटखाली माती म्हणजे पूर, त्याचा काही दोष नव्हता. माझ्या मात्र पोटात गोळा आला. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी शांतपणे दाखवलं: पुरातल्या गाडीत सीटचे बोल्ट आणि रूळ गंजतात, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर येतो, आतल्या कापडावर पाण्याची रेघ राहते, आणि कुबट वास काही केल्या जात नाही. इथे बोल्ट कोरे, रेघ नाही, वास नाही. आणि माती फक्त खाली नाही, एसीच्या जाळीत, काचेच्या खाचेत, छताच्या दिव्याच्या कडेलाही आहे. पाणी छताच्या दिव्यापर्यंत चढलं असतं तर गाडी चालूच झाली नसती. त्या माणसाने फोटो काढले आणि शेरा बदलला. तुमची गाडी त्या बाजूची असेल तर पाहणीआधी आतून व्हॅक्यूम करून घ्या आणि सीटच्या बोल्टचे फोटो स्वतः काढून ठेवा.

आमच्या आरटीओत ३ फेब्रुवारीला ऑनलाइन अर्ज केला. फॉर्म २७ नव्या नंबरसाठी, २९ आणि ३० मालकी बदलण्यासाठी, ना-हरकतीची मूळ प्रत, आरसी, विमा, पीयूसी, आधार, पॅन. कायद्यात दोन वेगवेगळ्या मुदती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गाडी परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हे एक. आणि गाडी विकत घेतली तर घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलाचा अर्ज करायचा, हे दुसरं. मला दुसरी मुदत लागू होती, म्हणून मी थांबले नाही.

१२ फेब्रुवारीच्या भेटीत कागद परत मिळाले. कर ठरवायला गाडीचं मूळ बिल हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के एकरकमी कर असतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशेब सुरू होतो मूळ बिलापासून. दादाने जोधपूरच्या घरातली खोकी उपसली. बिल सापडलं ते वॉशिंग मशीनच्या वॉरंटीच्या पाकिटात. ते दहा दिवस मला झोप नीट लागली नाही. साडेतीन लाखांहून जास्त देऊन झालेले, गाडी खाली उभी, आणि कागदोपत्री ती माझी नाही.

२४ फेब्रुवारीला पुन्हा गेले. निरीक्षकांनी चेसिस आणि इंजिन नंबर ताडून पाहिले, गाडीभोवती एक फेरी मारली, दहा मिनिटांत झालं. कर ५२,३०० रुपये. दारात एका माणसाने सगळं "करून देतो" म्हणून आठ हजार सांगितले होते. कागद पूर्ण असतील तर त्याची गरज लागत नाही, मला लागली नाही. ६ मार्चला नवा नंबर मिळाला, २७ मार्चला आरसीचं कार्ड टपालाने. सुरक्षा नंबरप्लेट एप्रिलमध्ये बसली. सरकारी फी आणि प्लेट मिळून २,६०० च्या आसपास. नंबर बदलला की विम्यात तो बदलून घेणं आणि नवा फास्टॅग लावणं विसरू नका. जुना दादाच्या नावावर होता, तो त्याने बंद केला.

मधल्या काळात गाडी मिस्त्रींकडे. बॅटरी पहिल्याच आठवड्यात बसली. ते म्हणाले, लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते, पण तिला मारतो उन्हाळा, थंडीत फक्त कळतं. नवी ४,९००. सस्पेन्शनचे बुश (जोडांमधले रबरी तुकडे), लिंक रॉड आणि एक इंजिन माउंटिंग, १३,८००. जुने बुश त्यांनी माझ्या हातात दिले: दगडासारखे कडक आणि चिरलेले. खड्ड्यातून जाताना जो खट् आवाज यायचा तो त्यांचाच. रेडिएटर धुऊन नवं कूलंट २,६००, एसीचा कंडेन्सर साफ करून गॅस आणि दोन्ही फिल्टर २,९००, हेडलाइट पॉलिश १,२००.

मग त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली. शेजारच्या लिफ्टवर मुंबईतलीच २०१७ची एक गाडी होती, वरून आरशासारखी, डॅशबोर्ड कोरा. खालून सायलेन्सरचा जोड तांबूस होऊन सुटत आलेला, फ्लोअरच्या कडेला पापुद्रे. मिस्त्री म्हणाले, "हिचा भाव तुमच्या गाडीपेक्षा चाळीस हजार जास्त येईल. गिऱ्हाईक वरून बघतं ना." सुकलेलं रबर बदलता येतं, पत्रा आतून खाल्लेला असेल तर तो ठिगळ लावूनच चालवायचा. बुडाला गंजरोधक कोटिंग करून घेतलं, ४,२००. हे काम गंज नसतानाच करायचं असतं. गंजावरून मारलं तर तो आत झाकला जातो आणि वाढतच राहतो.

दारांची रबरं बदलायची तेवढी राहिली होती. सुटे भाग मागवले होते, जूनच्या पहिल्या आठवड्यात बसवायचे ठरले होते. पण २०२५चा मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला. त्या दिवशी आईला घेऊन येत होते. मागच्या डाव्या दारातून पाणी आत येऊन तिच्या पायाशी तळं साचलं. रबर वरून धड दिसत होतं, पण कडक झाल्यामुळे दार बंद केल्यावर दबतच नव्हतं. जोधपूरच्या पावसात ते कधी कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि कोणी वाळवंटातली गाडी घेत असेल तर माझा सगळा लेख विसरला तरी चालेल, हे लक्षात ठेवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायला छोटी भोकं असतात, तशीच वायपरखालच्या पन्हाळीलाही. सहा वर्षांची बारीक वाळू तिथे जाऊन बसलेली होती. कोरडी असताना तिचा काही त्रास नाही. पहिल्या पावसात तिचा चिखल होतो, भोकं बुजतात आणि दाराच्या आत पाणी साठून राहतं. म्हणजे जो पत्रा सहा वर्षं शाबूत राहिला, तो मुंबईच्या एका पावसाळ्यात आतून गंजायला लागतो. त्यांनी तार घातली आणि भोकातून वाटीभर गाळ खाली पडला. चारही दारं, पन्हाळ, डिकीची खाच, सगळं पाण्याने धुऊन काढलं. रबरं ७,४००. हे काम एप्रिलमध्ये करायला हवं होतं.

सगळा खर्च धरून गाडी मला ४ लाख ७९ हजारांना पडली. मुंबईतली घेतली असती तर वीस हजार कमी लागले असते. उत्सुकतेपोटी जूनमध्ये एका डीलरला दाखवली. एमएच पाटी असूनही त्याने ४ लाख ५ हजार सांगितले: दुसरा मालक, मूळची राजस्थानची, टपाचा रंग, आणि डॅशबोर्डची ती चीर. मी त्याला गाडी खालून बघायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ते मी बघेन, पण माझं गिऱ्हाईक बघणार नाही." विकायचीच नव्हती, त्यामुळे वाईट वाटलं नाही. पण दोन-तीन वर्षांत पुन्हा विकायच्या बेताने कोणी अशी गाडी घेणार असेल तर हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवावा. दहा वर्षं वापरायची असेल तर मी पुन्हा हीच घेईन.

टपाच्या रंगाचे १४ हजार सांगितलेत, ते दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर. दादाने राजस्थानात आधीच भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचाय. त्यासाठी इथल्या नव्या आरसीची आणि कराच्या पावतीची प्रत लागते. ती दोन्ही गेल्या सोमवारी त्याला पोस्टाने पाठवली.